तेविसावा आठवडा म्हणजे नेमक्या कोणत्या तारखा?

२०२६ या वर्षात दोन गोष्टी जास्तीच्या आल्या आहेत. पहिली घरोघरी ठाऊक आहे: ज्येष्ठ महिना अधिक आहे, १७ मे ते १५ जून. धोंड्याचा महिना, जावयाला बोलावण्याचा महिना. दुसरीचा गाजावाजा कुठेच नाही. कारखाने, जहाज कंपन्या आणि युरोपातले खरेदीदार आठवड्यांचं जे कॅलेंडर वापरतात, त्यात २०२६ ला ५२ नव्हे, ५३ आठवडे आहेत. जास्तीचा आठवडा सोमवार, २८ डिसेंबर २०२६ ला सुरू होतो आणि रविवार, ३ जानेवारी २०२७ ला संपतो.

आठवड्याला नंबर असतो, हेच आपल्याकडे पुष्कळांना नवीन वाटतं. आपण तारखेवर चालतो, तिथीवर चालतो, फार तर ‘पुढच्या बाजाराला देतो’ असं म्हणतो. पण जळगावच्या एमआयडीसीतून बाहेरदेशी माल पाठवणाऱ्याला विचारा. जर्मनीहून आलेल्या ऑर्डरवर पुष्कळदा तारीख नसतेच, ‘केडब्ल्यू १४’ एवढंच असतं, म्हणजे चौदावा आठवडा. रावेर-यावलकडची केळी घेऊन न्हावाशेव्याला जाणारा थंड कंटेनर कोणत्या आठवड्याच्या जहाजावर चढणार, हेही आकड्यातच ठरतं. ट्रॅक्टरच्या टायरवर आठवडा उठवलेला असतो. कापसावरच्या बोंडअळीच्या नोंदी आठवड्याच्या नंबराने ठेवतात. मी निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करतो, हे आकडे रोज डोळ्यांखालून जातात, आणि माझं कळकळीचं सांगणं एकच आहे: नुसता आठवड्याचा नंबर पाहून तारीख ठरवू नका. त्या नंबरामागे कोणता नियम आहे, हे आधी विचारा.

किती फरक पडतो, हे २०२६ च्या तेविसाव्या आठवड्यावरून पाहा. युरोपीय खरेदीदाराला विचारलं तर तो म्हणेल १ ते ७ जून, सोमवार ते रविवार. एक्सेलमध्ये नेहमीचं सूत्र टाकलं तर ३१ मे ते ६ जून, रविवार ते शनिवार. कृषी विद्यापीठाच्या तक्त्यात तेविसावा हवामान आठवडा ४ ते १० जून आहे. आणि टायरच्या अमेरिकी नियमाने २०२६ चा तेविसावा आठवडा ७ ते १३ जून. नंबर एकच, पण पहिल्याची सुरुवात ३१ मेला आणि शेवटच्याचा शेवट १३ जूनला, म्हणजे मध्ये पुरे चौदा दिवस. यातलं कोणीही चूक नाही. चौघांनी चार वेगळ्या कामांसाठी चार वेगळे नियम केलेत.

असं का व्हावं? याचं मूळ आठवड्याच्या स्वभावात आहे.

महिना आणि वर्ष यांचा चंद्र-सूर्याशी संबंध आहे. आठवड्याचा कोणाशीच नाही. सात वारांची ती एक साखळी आहे, आणि ती महिना संपला म्हणून थांबत नाही की वर्ष बदललं म्हणून पहिल्यापासून सुरू होत नाही. १५८२ साली युरोपात ग्रेगरी पोपने कॅलेंडर दुरुस्त केलं तेव्हा ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला, मधल्या दहा तारखा गाळल्या. पण ४ तारखेला गुरुवार होता आणि १५ ला शुक्रवारच आला. तारखा तोडल्या, वार तोडले नाहीत.

आपल्या खान्देशात ही साखळी डोळ्यांनी बघायची असेल तर होळीच्या आधीचा आठवडा बघावा. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-यावल-शिरपूरच्या पट्ट्यात, तेव्हा भोंगऱ्या बाजार भरतात. भोंगऱ्यासाठी वेगळा दिवस नेमावा लागत नाही. होळीच्या आधीच्या सात दिवसांत ज्या गावाचा आठवडे बाजार ज्या वारी येतो, तो बाजार त्या गावाचा भोंगऱ्या. ढोल, मांदळ, पावरी घेऊन पाड्यांवरची माणसं आज या गावी, उद्या त्या गावी. होळी कोणत्याही वारी येऊ दे, तिच्या आधीचे सात दिवस धरले की प्रत्येक गावाचा बाजार त्यात बरोबर एकदा बसतो, एकही सुटत नाही आणि एकही दोनदा येत नाही. आठवडा कुठून सुरू झाला, हा प्रश्नच तिथे येत नाही. कोणतेही सलग सात दिवस म्हणजे आठवडा.

प्रश्न येतो तो मोजणी सुरू केली की. ‘पहिला आठवडा’ म्हणायचं तर दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: आठवडा कोणत्या वारी सुरू धरायचा, आणि वर्षाच्या तोंडाशी जो आठवडा दोन वर्षांत अर्धा-अर्धा पडतो तो कोणाच्या खात्यात टाकायचा. त्यात गणिताची एक अडचण आहेच. ३६५ ला ७ ने भागलं तर ५२ आठवडे होतात आणि एक दिवस उरतो. लीप वर्षात दोन उरतात. हा उरलेला दिवस कुठेतरी ठेवावा लागतो. सगळ्या पद्धतींमधला फरक शेवटी याच एका दिवसाच्या व्यवस्थेत आहे.

आता सगळ्यात जास्त चालणारी पद्धत बघू. तिचं नाव आयएसओ ८६०१. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८८ मध्ये तारीख-वेळ लिहिण्याचं हे मानक काढलं. आठवड्यांना नंबर देण्याची त्यांची शिफारस त्याआधी १९७१ पासून होती. नियम दोनच आहेत. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो. आणि दोन वर्षांत विभागलेला आठवडा ज्या वर्षाकडे चार किंवा जास्त दिवस आहेत त्या वर्षाचा. बहुमताचा साधा नियम.

सोमवारपासून मोजलं तर चौथा वार गुरुवार. म्हणून चार दिवसांचा हिशोब न करता फक्त गुरुवार बघितला तरी चालतं: आठवड्यातला गुरुवार ज्या वर्षात, तो आठवडा त्या वर्षाचा. वर्षातला पहिला गुरुवार ज्या आठवड्यात असेल तो पहिला आठवडा. २०२६ चा १ जानेवारी गुरुवारीच होता. त्यामुळे पहिला आठवडा सोमवार, २९ डिसेंबर २०२५ ला सुरू झाला. म्हणजे २९, ३० आणि ३१ डिसेंबर २०२५ हे तीन दिवस तारखेने २०२५ चे, पण आठवड्याने २०२६ चे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे चमत्कारिक वाटतं. पण याचा फायदा मोठा आहे, की कोणताही आठवडा तुटत नाही. प्रत्येक आठवडा सात दिवसांचा, सोमवार ते रविवार, पूर्णच्या पूर्ण.

यातून ५३ चं कोडंही सुटतं. आयएसओ पद्धतीत वर्षात जितके गुरुवार तितके आठवडे. वर्ष गुरुवारी सुरू झालं की ५२ आठवड्यांनंतर उरलेला एक दिवसही गुरुवारच असतो. २०२६ चा ३१ डिसेंबर गुरुवार आहे. म्हणून गुरुवार ५३, म्हणून आठवडे ५३. ज्या गावाचा बाजार गुरुवारी भरतो त्या गावाला २०२६ मध्ये ५३ बाजार मिळतात, बाकी सगळ्या गावांना ५२. लीप वर्ष बुधवारी सुरू झालं तरी असंच होतं, कारण तेव्हा उरलेले दोन दिवस बुधवार आणि गुरुवार असतात. २०२० तसं होतं. त्याआधी २०१५, आणि २०२६ नंतर येईल २०३२.

अधिक मासाशी याची जात एकच आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान. पंचांगकर्ते ते अकरा दिवस दरवर्षी तिथेच जोडत नाहीत. साठू देतात, आणि महिनाभर साठले की साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक आख्खा महिना घालतात. आयएसओ पद्धत उरलेला एक-दोन दिवस असाच साठवते आणि पाच-सहा वर्षांनी एक आख्खा आठवडा घालते. महिना तोडायचा नाही, आठवडा तोडायचा नाही, दोन्हीकडे हाच आग्रह. ग्रेगरी कॅलेंडरचं चक्र ४०० वर्षांचं आहे. त्यात १,४६,०९७ दिवस येतात आणि त्याला ७ ने नि:शेष भाग जातो: २०,८७१ आठवडे. दरवर्षी ५२ धरले तर २०,८०० होतात. उरलेले ७१ म्हणजे ४०० वर्षांत ७१ वेळा ५३ आठवड्यांचं वर्ष. हिशोब एका दिवसानेही चुकत नाही, हे मला फार समाधानाचं वाटतं.

कोणत्याही तारखेचा आठवडा हाताने काढता येतो, कॉम्प्युटर लागत नाही. त्या आठवड्यातला गुरुवार शोधा. तो वर्षातला कितवा दिवस, हे मोजा. त्याला ७ ने भागा आणि अपूर्णांक आला तर वरचा पूर्ण आकडा घ्या. यंदाचं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. त्या आठवड्याचा गुरुवार ५ नोव्हेंबर. ऑक्टोबरअखेर ३०४ दिवस होतात, त्यात पाच मिळवले की ३०९. ३०९ भागिले ७ म्हणजे ४४ आणि वर थोडं. म्हणून ४५ वा आठवडा. रविवार मुद्दाम घेतला, कारण घोटाळा तिथेच होतो. आयएसओच्या हिशोबात रविवार हा संपणाऱ्या आठवड्याचा शेवटचा दिवस आहे. आपल्या भिंतीवरच्या बहुतेक कॅलेंडरांत आणि अमेरिकेत रविवार पहिला. त्यामुळे एक्सेलला त्याच लक्ष्मीपूजनाचा आठवडा विचारला तर ४६ येतं.

अमेरिकी पद्धत सांगायला सोपी आहे. आठवडा रविवार ते शनिवार, आणि १ जानेवारी ज्या आठवड्यात असेल तो पहिला, मग त्यात नव्या वर्षाचा एकच दिवस का असेना. १ जानेवारी उजाडला की नंबर पुन्हा एकवर. त्यामुळे वर्षाच्या दोन्ही टोकांना तुकडे पडतात. २०२६ च्या अखेरीस २७ ते ३१ डिसेंबर या पाच दिवसांचा ५३ वा आठवडा, आणि १ व २ जानेवारी २०२७ या दोनच दिवसांचा पहिला आठवडा. लीप वर्ष शनिवारी सुरू झालं तर आकडा ५४ वर जातो. २०२८ तसं आहे: १ जानेवारी २०२८ शनिवार, तो एकटा दिवस म्हणजे पहिला आठवडा, आणि ३१ डिसेंबर २०२८ हा रविवार एकटाच ५४ वा आठवडा.

एक्सेलचं ‘वीकनम’ हे सूत्र, काही न सांगता टाकलं, तर याच पद्धतीने मोजतं. आयएसओ आकडा हवा असेल तर त्याच सूत्रात दुसऱ्या जागी २१ हा अंक द्यावा लागतो, किंवा ‘आयएसओवीकनम’ हे सूत्र वापरावं लागतं, जे एक्सेलच्या २०१३ च्या आवृत्तीपासून आहे. गूगल शीट्समध्येही ते आहे. ‘२१’ हा अंक कुठून आला हे लक्षात ठेवायची गरज नाही, पण तो टाकला आहे की नाही हे मात्र दर वेळी बघा.

आता आपल्या शेतीच्या जवळची पद्धत, आणि हिच्यावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण तिच्याबद्दल मराठीत फार कमी सांगितलं जातं. भारतीय हवामान खातं आणि कृषी विद्यापीठं ‘प्रमाणित हवामान आठवडा’ वापरतात. त्यात वाराचा काही संबंध नाही. पहिला आठवडा दरवर्षी १ ते ७ जानेवारी, दुसरा ८ ते १४, असं सरळ चालत जायचं. पहिल्या जानेवारीला सोमवार असो की शनिवार. बावन्नावा आठवडा २४ ते ३१ डिसेंबर, आठ दिवसांचा. वर्षाचा उरलेला दिवस त्याच्या पोटात घातला. लीप वर्षाचा दिवसही असाच सामावला आहे: नववा आठवडा २६ फेब्रुवारी ते ४ मार्च, आणि लीप वर्षात २९ फेब्रुवारी धरून तोच आठ दिवसांचा होतो. त्यामुळे दहावा आठवडा ५ मार्चलाच सुरू होतो, वर्ष कोणतंही असो. ५३ वा आठवडा कधीच येत नाही.

हवामानाच्या कामाला असाच नियम का लागतो, हे कापसाच्या उदाहरणावरून लगेच कळतं. गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजायला शेतात कामगंध सापळे लावतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा जास्त पतंग आले की उपाय करायची वेळ झाली, असं समजतात. संशोधन केंद्रांत या पतंगांची आठवडावार नोंद होते. अडतिसावा हवामान आठवडा म्हणजे दरवर्षी १७ ते २३ सप्टेंबर. म्हणून २०१८ चा अडतिसावा आठवडा आणि २०२५ चा अडतिसावा आठवडा समोरासमोर ठेवता येतात: ऊन तेवढंच वर चढलेलं, दिवस तेवढाच मोठा, पिकाचं वय साधारण तेवढंच. आयएसओ पद्धतीत ही सोय नाही. तिथे तेविसावा आठवडा एखाद्या वर्षी ३१ मेला सुरू होईल तर एखाद्या वर्षी ७ जूनला. मृग नक्षत्र लागायच्या वेळी एक आठवडा पुढे-मागे म्हणजे पावसाआधीची धूळपेरणी आणि पावसानंतर ओल बसल्यावरची, वापशावरची पेरणी एवढा फरक. अशा आकड्यांवरून तीस वर्षांच्या पावसाची सरासरी काढली तर ती कशाची सरासरी आहे, हेच सांगता येणार नाही.

केळीवाल्यांनाही हे उपयोगी आहे. १८ ते २१ हे हवामान आठवडे म्हणजे ३० एप्रिल ते २७ मे. भुसावळ-रावेरकडे केळीची पानं फाटून-करपून जाण्याचा, बागेला वारा अडवणारं कुंपण नसेल तर पस्तावण्याचा हाच काळ. हे चार आकडे डोक्यात ठेवले तर विद्यापीठाचा तक्ता वाचताना अडखळायला होत नाही. एक नेम सोबत ठेवा: चाळिसावा हवामान आठवडा बरोबर १ ऑक्टोबरला सुरू होतो. तिथून पुढे-मागे सात-सात दिवस मोजता येतात. कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीच्या, लागवडीचे दिवस शोधायला हा खुंटा चांगला आहे.

हवामान खात्याकडेच आठवड्याची आणखी एक मोजणी आहे, ती सांगून ठेवतो. पावसाचा साप्ताहिक आढावा ते गुरुवार ते बुधवार असा देतात. त्यात वार पक्का आणि तारीख फिरती. २०२६ चा १ जानेवारी गुरुवार असल्याने यंदा हवामान आठवडेही गुरुवारीच सुरू होतात आणि दोन्ही मोजण्या नेमक्या जुळून जातात. २०२७ मध्ये हवामान आठवडे शुक्रवारी सुरू होतील आणि ही जुळणी संपेल. ‘जूनचा दुसरा आठवडा’ ही वर्तमानपत्री मोजणी तर याहून सैल: कोणी ८ ते १४ जून धरतं, कोणी कॅलेंडरावरची दुसरी ओळ. पेरणीचा सल्ला वाचताना तिथे तारीख शोधावी.

टायरचं थोडक्यात. टायरच्या कडेवर लांबट चौकटीत शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३२५’ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. २००० सालाच्या आधी तीनच अंक असत. अमेरिकेच्या नियमात इथे पहिला आठवडा म्हणजे वर्षातला पहिला पूर्ण आठवडा, रविवार ते शनिवार. अर्धवट तुकडा मागच्या वर्षाकडे जातो. टायर घेताना आठवडा नेमका कोणता याला महत्त्व नाही, वर्षाला आहे: दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेलं रबर नवं म्हणून घ्यायचं नाही. एका बाजूला हे चार अंक दिसले नाहीत तर टायर फिरवून दुसरी बाजू बघा, कारण पूर्ण क्रमांक बहुधा एकाच बाजूला उठवलेला असतो. आणि इन्व्हर्टर किंवा मोटार-स्टार्टर दुरुस्त करणाऱ्यांसाठी: सर्किटवरच्या काळ्या चिपवरही असेच चार अंक असतात, पण क्रम उलटा, आधी वर्ष आणि मग आठवडा. टायरवरचा ‘२३२५’ हा २०२५ चा, तर चिपवरचा ‘२३२५’ हा २०२३ चा पंचविसावा आठवडा.

आठवड्याच्या नंबराचं खरं काम बघायचं असेल तर निर्यातीच्या केळीबागेत बघावं. जगातल्या मोठ्या केळी मळ्यांत घडाचं वय रिबिनीवरून ओळखतात. या आठवड्यात निसवलेल्या, म्हणजे झाडातून बाहेर पडलेल्या, सगळ्या घडांना एका रंगाची रिबीन, पुढच्या आठवड्यात निसवलेल्यांना दुसऱ्या रंगाची. असे सात-आठ रंग आळीपाळीने फिरतात. घड निसवल्यापासून काढणीला हवामानाप्रमाणे तीन-चार महिने जातात, उन्हाळ्यात लवकर आणि थंडीत उशिरा. कापणारा माणूस बागेत शिरतो तेव्हा प्रत्येक घडाचा गर बघत बसत नाही. आज निळ्या रिबिनीचे काढा, एवढंच त्याला सांगितलेलं असतं. कंटेनरमधले सगळे घड एका वयाचे निघाले तर वाटेत एखादा आधी पिकून बाकीच्यांना पिकवत नाही. एका घडाच्या वयाची चूक आख्ख्या पेटीला, कधी आख्ख्या कंटेनरला भोवते.

इथे कल्पना करा की रिबिनीचा रंग एक्सेलच्या नेहमीच्या सूत्रावरून ठरवला आहे: आठवडा ५३ ला लाल, आठवडा १ ला पिवळी. २७ ते ३१ डिसेंबरला निसवलेल्या घडांना लाल, आणि १-२ जानेवारीला निसवलेल्यांना पिवळी. ३ जानेवारीच्या रविवारपासून तिसराच रंग. म्हणजे पिवळ्या रिबिनीचे घड दोनच दिवसांचे, लाल पाच दिवसांचे, आणि काढणीच्या वहीत मात्र दोन्ही एक-एक आठवडा म्हणून धरलेले. पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये, जिथे दर आठवड्याला अमुक इतके घड निघतील असं व्यापाऱ्याला सांगून ठेवलंय, तिथे आकडा बसत नाही. आयएसओ पद्धतीत २८ डिसेंबर ते ३ जानेवारी हे सात दिवस एका रंगात जातात आणि माळ अखंड राहते. फक्त ५३ व्या आठवड्याचा रंग यादीत आहे ना, हे आधी बघायचं. बावन्न ओळींचा तक्ता करून ठेवला असेल तर तिथे ओळच नसते.

कॉम्प्युटर प्रोग्राम लिहिणाऱ्यांची गल्लत याच जागी होते. काही प्रोग्रामिंग भाषांत तारीख छापताना वर्ष मागायच्या दोन खुणा असतात: एक तारखेचं वर्ष देते, दुसरी आठवड्याचं वर्ष. वर्षभर दोन्ही सारखीच दिसतात. डिसेंबरच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत किंवा जानेवारीच्या सुरुवातीला ती फुटतात. २९ डिसेंबर २०१४ ला सोमवार होता, म्हणजे आयएसओने २०१५ चा पहिला आठवडा सुरू झाला होता. त्या दिवशी ट्विटरच्या सर्व्हरने तारखेत २०१५ लिहायला सुरुवात केली आणि अँड्रॉइड फोनवरचे कितीतरी वापरकर्ते खात्यातून बाहेर फेकले गेले. एवढ्या मोठ्या कंपनीत घडलं, तर आपल्या बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये घडणार नाही असं धरून चालू नये. २०२५ च्या अखेरच्या बिलांवर वर्ष काय छापलंय, एकदा काढून बघा.

आता जी गोष्ट मला सगळ्यात निकडीची वाटते ती. २०२३ ते २०२६ ही सलग चार वर्षं अशी आली की सोमवार ते शनिवारपर्यंत आयएसओ आणि एक्सेल यांचे आठवडे एकाच नंबराचे होते. फरक फक्त रविवारी आणि डिसेंबरच्या अखेरच्या दिवसांत पडायचा. २०२३ चा १ जानेवारी रविवारी, २०२४ चा सोमवारी, २०२५ चा बुधवारी, २०२६ चा गुरुवारी. गुरुवारपर्यंत वर्ष सुरू झालं की दोन्ही पद्धती एकाच आठवड्याला पहिला म्हणतात. त्यामुळे या काळात ज्याने डिलिव्हरीचा तक्ता केला त्याला तो बरोबर वाटला, आणि तो खरंच बरोबर होता.

२०२७ चा १ जानेवारी शुक्रवारी आहे. आयएसओच्या हिशोबाने तो २०२६ च्या ५३ व्या आठवड्यात जातो आणि नवा पहिला आठवडा सोमवार, ४ जानेवारीला सुरू होतो. एक्सेल मात्र १ जानेवारीलाच ‘१’ म्हणेल आणि ३ जानेवारीच्या रविवारपासून ‘२’. तिथून पुढे वर्षभर दोन्हींमध्ये एकाचा फरक राहील. २०२८ शनिवारी सुरू होतं, म्हणून त्या वर्षीही तेच. चौदावा आठवडा घ्या: २०२६ मध्ये तो आयएसओने सोमवार ३० मार्चला सुरू होतो आणि एक्सेलने रविवार २९ मार्चला, कोणाच्या लक्षातही येणार नाही. २०२७ मध्ये आयएसओचा चौदावा आठवडा ५ एप्रिलला सुरू होतो आणि एक्सेलचा २८ मार्चला. आठ दिवस. माल आठवडाभर आधी बंदरात जाऊन पडला तर भाडं वाढतं, आणि केळीसारखा माल असेल तर त्याचं वय वाढतं. उलट दिशेने चूक झाली, म्हणजे खरेदीदार अमेरिकी मोजणीवर आणि आपण आयएसओवर, तर जहाज निघून गेलेलं असतं.

यासाठी फार काही करावं लागत नाही. ऑर्डर आली की उत्तरात आठवड्याच्या नंबरासोबत त्याच्या सोमवारची तारीख लिहा: ‘आठवडा १४, सोमवार ५ एप्रिल २०२७ पासून’. समोरच्याची मोजणी वेगळी असेल तर तो त्याच दिवशी कळवेल. जुन्या तक्त्यात ‘वीकनम’ शोधा आणि त्यात २१ टाका. साप्ताहिक विक्रीची मागच्या वर्षाशी तुलना करत असाल तर २०२६ मध्ये एक आठवडा जास्त आहे, म्हणजे धंदा होता तेवढाच राहिला तरी बेरीज जवळपास दोन टक्क्यांनी फुगलेली दिसेल, हे हिशोबनिसाला सांगून ठेवा. आणि पॅकहाऊसमधला एखादा पोरगा येऊन म्हणाला, “जिभाऊ, गाडी पहिल्या आठवड्यात लावायची म्हणताहेत, कधी लावू?” तर त्याला नंबर परत सांगू नका. ४ जानेवारी, सोमवार, असं सांगा.